ऑफिसमधल्या मैत्रिणीची जंतूंची भीती: मी मदत करतेय की आजार वाढवतेय?

निशिगंध – ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

आठवडाभर हा धागा काढायला कचरत होते. विषय माझ्या मैत्रिणीचा आहे, तिला न विचारता लिहिणं बरं वाटेना. परवा तिलाच विचारलं. ती म्हणाली, "नाव आणि ऑफिस सोडून काय लिहायचं ते लिही. कोणाला काही माहीत असलं तर बरंच आहे." म्हणून लिहितेय.

आम्ही दोघी फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहोत. नऊ वर्षं शेजारशेजारची टेबलं. ती कल्याणच्या पुढून येते, मी मुलुंडहून. तिने जुळवलेलं लेजर साहेब पुन्हा तपासत नाहीत इतकं तिचं काम चोख. टापटीप ती पहिल्यापासूनच होती. डब्याखाली कागद पसरायचा, जेवायच्या आधी हात धुवायचे, बाहेरून आलं की पाय धुवायचे. हे आपल्या सगळ्यांच्याच घरचं वळण, त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही. लॉकडाउननंतर ऑफिस उघडलं तेव्हा तर सगळेच दर अर्ध्या तासाने सॅनिटायझर लावत होते. मग बाकीच्यांचं हळूहळू सुटलं. तिचं वाढत गेलं.

आता लिफ्टचं बटण ती पेनाच्या टोपणाने दाबते, आणि ते टोपण वेगळ्या पिशवीत ठेवते. शिपाई फाइल ठेवून गेला की फाइल जिथे टेकली तेवढी टेबलाची जागा पुसते. दुसऱ्याच्या हातचं व्हाउचर आलं की नोंद झाल्यावर उठून हात धुऊन येते. मग पुढचं व्हाउचर, पुन्हा धुणं. टॉयलेटला जावं लागू नये म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. गेल्या वर्षात दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं, तरी पीत नाही.

गेल्या महिन्यात ती बराच वेळ जागेवर दिसली नाही म्हणून बघायला गेले. बेसिनपाशी उभी होती. बाह्या वर दुमडलेल्या, घरून आणलेली साबणाची वडी, कोपरापर्यंत फेस. धुऊन झालं, मनगटाने नळ बंद करायला गेली आणि कोपर बेसिनच्या कडेला ओझरतं लागलं. ती थांबली. त्या कडेकडे बघत राहिली. पुन्हा साबण घेतला. माझ्या डोळ्यांदेखत हे चार वेळा झालं. चौथ्यांदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कळतंय गं, काही झालेलं नाहीये. पण कळून थांबता येत नाही." तिच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात. साबण लागला की चरचरतं, कधी रक्त येतं. रक्त आलं की त्यातून जंतू आत जातील म्हणून पुन्हा धुणं.

आता माझं. मी तिच्यासाठी दारं उघडते. सकाळी तिच्या आधी पोचून तिचा कीबोर्ड, माउस, खुर्चीचे हात पुसून ठेवते. कोणी तिच्या टेबलाला टेकलं की ती मला विचारते, "त्याचा हात लागला का गं?" मी म्हणते, "नाही लागला." "नक्की?" "नक्की." एके दिवशी मोजलं. एकतीस वेळा विचारलं, एकतीस वेळा उत्तर दिलं. पूर्वी एकदा सांगितलं की तिचं समाधान व्हायचं. आता मिनिटभरसुद्धा टिकत नाही.

मार्च एंडिंग तोंडावर आहे. कामं तुंबलीत, ती रात्री आठ-आठपर्यंत बसते. साहेबांनी तिला तोंडी समज दिली आहे. मला काय करायला हवं हे खरंच कळत नाहीये.

आरती_डोंबिवली – ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

वाचून पोटात तुटलं. घरी कोण कोण असतं तिच्या? त्यांना माहीत आहे का हे?

निशिगंध – ९ फेब्रुवारी, रात्री ११:३५

नवरा, सासूबाई आणि सातवीतली मुलगी. घरीही तेच आहे. मुलीने शाळेतून आल्या आल्या दारातच गणवेश काढायचा, दप्तर गॅलरीत. सासूबाईंना वाटतं सून सोवळं पाळते, त्यांना कौतुकच आहे. नवरा आधी चिडायचा, आता गप्प असतो.

लोकलप्रवासी – १० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आपल्या जुन्या इमारतींमधली ऑफिसची टॉयलेटं बघा. पन्नास माणसांत दोन संडास, फ्लश चालत नाही, साबण संपलेला. आपण लोकलमधून लोंबकळत येतो, त्याच हाताने वडापाव खातो. अशा शहरात एखादी बाई जरा जास्त काळजी घेते म्हणून तिला लगेच आजारी ठरवायचं का? कोविडमध्ये मी सख्खा मामा गमावला आहे. काळजी घेणाऱ्याला नावं ठेवलेली मला सहन होत नाहीत.

निशिगंध – १० फेब्रुवारी, सकाळी ९:१०

मामांचं वाचून वाईट वाटलं. टॉयलेटचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, आमच्याकडेही तीच परिस्थिती आणि त्यावर आम्ही बायकांनी दोनदा अर्ज दिलेत. पण दादा, तिने दिवसभर पाणी सोडलं आहे आणि हातातून रक्त येतंय. ह्याला काळजी म्हणवत नाही मला.

सावली – १० फेब्रुवारी, दुपारी ३:४०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. माणूस समोर नसताना निदान करता येत नाही आणि मी करत नाहीये. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून तिने मनोविकारतज्ज्ञांना लवकर भेटावं असं नक्की सांगेन.

मराठीत ह्याला मंत्रचळ म्हणतात, दवाखान्यात ओसीडी. एक नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो, 'हात लागला, आता काहीतरी होणार'. जीव घाबरा होतो. ती घबराट शमवायला माणूस एक कृती करतो: धुणं, पुसणं, विचारून खात्री करून घेणं. क्षणभर बरं वाटतं. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. त्यामुळे पुढच्या वेळी शंका आणखी जोरात येते. स्वच्छतेची आवड आणि हा आजार ह्यांतला फरक साबण किती वापरला ह्यात नाही. स्वच्छ माणसाचे हात धुऊन 'होतात'. ह्या माणसाचे कधी होतच नाहीत. रोज तासाहून जास्त वेळ ह्यात जात असेल, किंवा काम, संसार, तब्येत ह्यांवर परिणाम होत असेल, तर आम्ही त्याला आजार म्हणून बघतो. तिच्या बाबतीत तिन्हींवर झालेला दिसतोय.

@लोकलप्रवासी, तुमचा मुद्दा मी सोडून देत नाहीये. शौचालयं नीट हवीत, साबण हवा. हात २० सेकंद धुवा म्हणतो तो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण सतत धुऊन भेगाळलेली कातडी जंतूंपासून कमी संरक्षण देते, जास्त नाही.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. एक म्हणजे ईआरपी. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नंतरची धुण्या-पुसण्याची कृती रोखून धरायची. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर ह्यांनी १९६६ साली ही पद्धत पहिल्यांदा मांडली, त्याआधी ह्या आजारावर मानसोपचार फारसे लागू पडत नसत. दुसरं औषध. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन ह्या गटातली. नैराश्यापेक्षा ह्यात डोस बहुधा जास्त लागतो आणि पूर्ण गुण यायला ८ ते १२ आठवडे जातात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून बरेच जण गोळ्या सोडतात, ते तिला आधीच सांगून ठेवा.

आणि निशिगंध, तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं. ती एकतीस उत्तरं, उघडलेली दारं, पुसलेला कीबोर्ड. तुम्ही हे प्रेमाने केलंत, तुमची काही चूक नाही. पण ती आता आजाराची कामं झाली आहेत, आणि ती तुम्ही करताय.

निशिगंध – १० फेब्रुवारी, रात्री १०:१५

शेवटचा परिच्छेद चार वेळा वाचला. रडू आलं.

सुहास_बो – ११ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

तिला विज्ञान समजावून सांगा ना कोणीतरी. माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणजे आपल्यात आपल्यापेक्षा जिवाणूच जास्त. बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. हे पटलं की भीती जाईल.

परळकर – ११ फेब्रुवारी, दुपारी १:२०

मी सगळा जन्म परळला काढला, हाफकिन संस्थेच्या भिंतीलगतच्या रस्त्याने शाळेत जायचो. हा विषय निघाला की मला मुंबईचा प्लेग आठवतो. आठवतो म्हणजे वाचलेला.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी पहिले रोगी ओळखले. मग जी धावपळ झाली ती सगळी घाणीवर. घरंच्या घरं कार्बोलिक ॲसिडने धुतली, गटारांत पाण्याचे लोट सोडले, लोकांचं सामान जाळलं, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून कौलं काढली. लोकांनी शहर सोडलं. आणि रोग येत होता उंदरांवरच्या पिसवांमधून. हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ ह्यांनी १८९८ साली दाखवलं, तेही बरीच वर्षं लोकांना पटलं नाही. जिवाणूशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन ह्यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्या लशीने जीव वाचवले. भिंती धुऊन पिसवा गेल्या नाहीत.

सव्वाशे वर्षांनी आपण तेच केलं. मी स्वतः २०२० मध्ये दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, कोथिंबिरीची काडी न् काडी पुसली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की वस्तूला हात लावून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी. रोग हवेतून येत होता, आणि आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये बटणांवर प्लॅस्टिक लावून सहा-सहा माणसं उभी होती.

मला म्हणायचं ते एवढंच: भीती डोळ्याला दिसेल आणि हाताला पुसता येईल अशा ठिकाणी जाऊन बसते. खरा धोका तिथे असतोच असं नाही. त्या बाईंचा खरा धोका ह्या घडीला न प्यायलेलं पाणी आहे.

केळफूल – ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

परळकर, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं लिहिलंत.

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. जिला लोक घाबरले ती मी होते. २०१६ साली मला फुप्फुसाचा टीबी झाला. सुट्टी घेतली, औषधं सुरू झाली, डॉक्टरांनी थुंकी तपासून आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही असं लिहून दिलं तेव्हा कामावर परतले. पॅन्ट्रीत माझा कप वेगळा काढून ठेवला होता. त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला. टीबी कपबशीतून पसरत नाही. खोकल्यातून, हवेतून पसरतो. हे मी चारचौघांत सांगितलं, चिठ्ठी दाखवली. सगळ्यांनी माना हलवल्या. दोरा तसाच राहिला. पुढचे आठ महिने मी ऑफिसात चहा प्यायले नाही.

आणि तो दोरा बघताना एक गोष्ट लक्षात आली. त्याच पॅन्ट्रीत संडास साफ करणाऱ्या मावशींचा कप तर कधीपासून वेगळाच होता, खिडकीत, पालथा घातलेला. त्यांना कुठलाच आजार नव्हता. तेव्हा कोणी 'हायजीन' म्हणालं, त्याच्या आधीच्या पिढीने त्याला विटाळ म्हटलं असतं. निशिगंधच्या मैत्रिणीचा आजार आणि हे, दोन्ही एक नाही, मला पक्कं माहीत आहे. ती बिचारी स्वतः पोळते आहे. पण तिच्या सासूबाई सोवळ्याचं कौतुक करतात हे वाचून राहवलं नाही. आपल्या समाजात शिवाशिवीला इतकी वर्षं मान मिळाला आहे की माणूस आजारी पडलाय हेच आपल्याला वेळेवर दिसत नाही.

आरती_डोंबिवली – ११ फेब्रुवारी, रात्री १०:०५

केळफूल, तो कप डोळ्यांसमोरून जात नाहीये.

उंबरठा – १२ फेब्रुवारी, पहाटे १:१५

इथे नुसता वाचत असतो, पहिल्यांदाच लिहितोय. मी बँकेत आहे, सात वर्षं कॅश काउंटरला होतो. मला ओसीडी आहे.

सुहासजी, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण ते आकडे मला पाठ होते. नोटांवर कुठले जिवाणू असतात, कुठला किती तास जगतो, अल्कोहोल ६० टक्क्यांच्या वर हवं, नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसं चालत नाही, सगळं. रात्र रात्र वाचायचो. एका शंकेचं उत्तर मिळालं की त्यातून दुसरी शंका निघायची. माहिती कमी पडल्यामुळे हा आजार होत नाही. तिने बेसिनपाशी म्हटलं ना, कळून थांबता येत नाही, तेच आहे सगळं.

कॅशचं काम म्हणजे नोट हातात आली की दुसऱ्या हाताने शिवायचं नाही. उजवा हात 'खराब', डावा 'चांगला'. डाव्या हाताने फक्त स्वतःला शिवायचं. संध्याकाळी कॅश टॅली करून घरी गेलो की बाथरूममध्ये दीड तास. पाण्याची टाकी रिकामी व्हायची, खालच्या मजल्यावरचे भांडायला यायचे. बायको दारातच टॉवेल घेऊन उभी, माझ्या आधी कडी-कोयंडा पुसून ठेवलेला. ती बिचारी तुमच्यासारखीच, निशिगंधताई. माझा त्रास बघवत नाही म्हणून करायची.

२०१९ साली तिनेच मला महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. तिथे प्रश्नांची एक लांब यादी असते, ४० पैकी गुण देतात. माझे २८ आले. २४ च्या वर गेलं की तीव्र. तो आकडा बघून मला बरं वाटलं होतं. मी वेडा किंवा घाणेरडा नव्हतो, मला आजार होता आणि त्याला मोजमाप होतं.

गोळ्या सुरू झाल्या, आणि तिथल्या थेरपिस्ट मॅडमनी एक शिडी लिहून घेतली माझ्याकडून. सर्वांत कमी भीतीची गोष्ट तळाला, सर्वांत जास्त भीतीची वर. तळाला होतं, स्वतःच्या घरच्या दाराच्या मुठीला हात लावून दहा मिनिटं बसणं. वर होतं, लोकलमधली कडी धरून मग न धुता डबा खाणं. कडीची पायरी आली त्या दिवशी मॅडमनी सांगितलं होतं, घाटकोपर ते ठाणे कडी सोडायची नाही, आणि घरी गेल्यावर एक तास हात धुवायचे नाहीत. भांडुपपर्यंत मला वाटत होतं की हातावर काहीतरी चालतंय. तळवा जड झाला, जणू माझा नव्हेच. मुलुंड गेलं. ठाण्याला उतरलो तेव्हा भीती होतीच, पण जरा विटलेली होती. घरी तास पूर्ण झाला तेव्हा मुलाला गणित शिकवत होतो, घड्याळ बघायचं राहून गेलं होतं. बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा.

मी आजही गोळी घेतो. वाईट आठवडे येतात. पण दीड तासाची आता बारा मिनिटं झाली आहेत.

निशिगंध – १२ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

उंबरठा, तुम्ही लिहिलंत म्हणून किती आभार मानू. तिला वाचून दाखवू का? आणि एक विचारायचं आहे. उद्यापासून मी दार उघडलं नाही, उत्तर दिलं नाही तर ती कोलमडेल. तुमच्या पत्नीने कसं केलं?

उंबरठा – १२ फेब्रुवारी, रात्री ११:३०

जरूर दाखवा.

एका दिवसात काहीही बंद करू नका. एकदा माझ्या भावाने रागाने तसं केलं होतं, बाथरूमचं पाणीच बंद केलं. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही आणि आजार तिथेच. बायकोने माझ्यासमोर बसून ठरवलं. मॅडमही होत्या. "तू विचारलंस की मी उत्तर देणार नाही. पण उठून जाणारही नाही." मग मी विचारायचो, "कडी पुसलीस ना?" ती म्हणायची, "हा प्रश्न तुझा नाहीये, आजाराचा आहे. मी इथे बसलेय." पहिल्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. ती बसून राहिली. शेंगा सोलत होती, सोलत राहिली.

आधी एकच गोष्ट निवडा, तिला निवडू द्या. आणि डॉक्टर गाठल्याशिवाय ईआरपीची शिडी घरच्या घरी बनवू नका.

सावली – १३ फेब्रुवारी, दुपारी २:१०

उंबरठा ह्यांना पूर्ण अनुमोदन. शेंगांचं मी माझ्या रुग्णांच्या नातेवाइकांना सांगेन, तुमची हरकत नसेल तर.

मुंबईत केईएम, सायन, नायर ह्या तिन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, तिला कल्याणहून ते जवळ पडेल. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

एक तातडीचं. अशा रुग्णांच्या घरी फरशीला, बाथरूमला वेगवेगळी द्रव्यं एकत्र करून टाकायची सवय असते. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नये, क्लोरिन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. तेवढं तिला विचारून घ्या.

निशिगंध – १३ फेब्रुवारी, रात्री ९:००

विचारलं. करत होती. दोन्ही बाटल्या आज तिच्या नवऱ्याने उचलल्या. सावलीताई, तुमचे उपकार आहेत.

चाफा_२ – १४ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

मी एचआरमध्ये आहे, वेगळ्या कंपनीत. समज तोंडी दिली आहे तोवर हालचाल करा. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की तिने स्वतः, तिची इच्छा असेल तरच, साहेबांना किंवा एचआरला सांगावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्यानुसार तिच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा तिला हक्क आहे, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत काय आहे ते बघून घ्या.

आणि मागायचं काय, हे आधी ठरवा. वेगळी केबिन किंवा कायमचं घरून काम मागू नका. सहानुभूतीने आम्ही लोक तेच आधी देऊ करतो, आणि त्याने आजाराला मोकळं रान मिळतं हे मला इथे वाचून आज कळलं. ओपीडीसाठी आठवड्यात अर्धा दिवस आणि मार्चचं काम वाटून घेणं, एवढं कुठलंही बरं ऑफिस देईल.

लोकलप्रवासी – १४ फेब्रुवारी, रात्री ८:४०

मी सगळं वाचलं. पहिल्या प्रतिसादात मी घाईने बोललो. माझी आई मामा गेल्यापासून कोणाच्याही घरी पाणी पीत नाही. लग्नाकार्याला गेली तरी उपाशी परत येते. मी ह्याला दुःख समजत होतो. सावलीताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, सवडीने बघाल का?

सावली – १४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

बघितला, उत्तर दिलं आहे. आईंना घेऊन या.

निशिगंध – ५ एप्रिल, रात्री ९:२५

बऱ्याच जणांनी व्यनितून विचारलं, म्हणून लिहितेय. तिला विचारूनच.

२० फेब्रुवारीला आम्ही दोघी आणि तिचा नवरा ओपीडीत गेलो. सकाळी साडेसातला केसपेपरच्या रांगेत. बाकावर बसायला ती तयार नव्हती, तीन तास उभी राहिली, आम्हीही उभे राहिलो. डॉक्टरांनी पाऊण तास दिला. गोळी सुरू झाली, आता सातवा आठवडा चालू आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ आणि झोप उडाली. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर तिने नक्की सोडली असती. थेरपी दर बुधवारी. साहेबांना तिने स्वतः सांगितलं, मी बाहेर उभी होते. त्यांनी बुधवारचा अर्धा दिवस दिला आणि बँक रिकन्सिलिएशन माझ्याकडे वळवलं. मार्च कसाबसा पार पडला.

सासूबाईंशी तिच्या नवऱ्याने बोलायचं ठरवलं होतं, ते अजून जमलेलं नाही.

आम्ही एकच गोष्ट निवडली, ती तिनेच निवडली: "हात लागला का गं?" ह्याला मी उत्तर द्यायचं नाही. कीबोर्ड अजून मीच पुसते, तो पुढच्या पायरीवर आहे. पहिला आठवडा फार वाईट गेला. एकदा ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही, डबाही वेगळा खाल्ला. घरी येऊन मी नवऱ्यापाशी रडले की नऊ वर्षांची मैत्री माझ्याच हाताने तोडतेय.

काल दुपारी शिपाई फाइल ठेवून गेला. तिच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला त्याची बाही लागली, मीही बघितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "मी इथे बसलेय." ती झाकणाकडे बघत राहिली. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं पण बघितलं, अकरा मिनिटं. मग तिने बाटली उघडली आणि दोन घोट पाणी प्यायली.

संध्याकाळी सीएसएमटीपर्यंत चालताना म्हणाली, पेरांना साजूक तूप लावतेय रात्री, भेगा भरत आल्यात. हात पुढे करून दाखवला. मी तो हातात घेऊन बघितला. तिने काढून घेतला नाही.

उंबरठा, तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा.